कोणाचं झाड

येंगलटोल्याच्या वरच्या डोंगरात आग लागली ती फेब्रुवारीत, आणि रान सांभाळणाऱ्या हरितछत्र मंडळाच्या गाड्या गावात आल्या त्या मे महिन्यात. आग विझवायला मंडळाचं कुत्रंही फिरकलं नव्हतं. ती कोणी लावली हे शोधायला मात्र तीन गाड्या, दोन ड्रोन आणि नागपूरची एक इंजिनिअर आली. हेमलता उसेंडीनं हा सगळा थाट आपल्या अंगणातून पाहिला आणि कुंपणापलीकडे थुंकली.

हेमलता मंडळाची हंगामी अग्निरक्षक होती. हंगामी म्हणजे उन्हाळ्यापुरती माणूस. हंगाम उघडला की मंडळ तिला बूट, नारिंगी जाकीट आणि पाचोळा उडवायचा ब्लोअर देई, आणि जून लागला की काढून घेई. काम होतं जाळरेषा काढायचं. जाळरेषा म्हणजे रानातून काढलेली मोकळी पट्टी. तिच्यावर पान ठेवायचं नाही, काडी ठेवायची नाही. आग तिथवर येते, खायला काही मिळत नाही आणि उपाशी मरते. आगीत सापडलेल्या माणसाला जीव वाचवायलाही तीच एक जागा असते.

हंगाम उघडायचा तो मार्चच्या मध्याला. ही तारीख मंडळाच्या कुठल्याशा थंडगार खोलीत जुन्या काळी ठरली होती. दरम्यान उन्हाळा दर साली अलीकडे सरकत गेला, मोह होळीची वाट न पाहता माघातच गळायला लागला, फेब्रुवारीत रान पापडासारखं कडकडायला लागलं. तारीख मात्र जागची हलली नाही. फेब्रुवारीत गस्त घालायची असली, आग लागली, की क्षेत्र अधिकारी भोंगाडे फोन करायचे, "जा रे पोरांनो, बघून घ्या." बूट नाहीत, जाकीट नाही, हजेरी नाही. पोरं जायची, कारण रान त्यांचं होतं.

अशीच त्या दिवशी हेमलताची पाच जणांची टोळी गेली. तिचा नवरा नितेश टोळीत होता. हिरव्या फांद्यांनी आग झोडपता झोडपता दुपारी वारा फिरला. नितेश सगळ्यांत वर होता. तो जाळरेषेकडे धावला, कारण बारा उन्हाळे त्याला हेच शिकवलं होतं, की काही झालं तरी रेषेवर जा. रेषेवर गुडघाभर पाचोळा होता. हंगाम उघडला नव्हता ना, मग ती काढणार कोण?

मंडळानं कागदावर लिहिलं की नितेश उसेंडी हा इसम विनापरवाना जंगलात शिरला होता.

* * *

इंजिनिअर मुलीचं नाव केतकी ढोबळे. वागायला साधी होती, हे हेमलताला कबूल करावं लागलं. ड्रोनच्या बॅटऱ्या वाहायला आणि वाटा दाखवायला माणूस हवं होतं, हेमलता गेली. दुसरं कोणी गेलं असतं तर आपल्या नवऱ्याची राख तुडवत कोण फिरतंय हे तिला घरी बसून सोसलं नसतं.

"हे यंत्र आगीचं मूळ सांगते म्हणतात, मॅडम," चढावर दम खाताना हेमलता म्हणाली. "राखेले काय तोंड रायते?"

केतकी हसली नाही. "राखेला नाही, ताई. खोडांना असतं."

मग तिनं समजावून सांगितलं. चहात दूध घालून ढवळलं, की दूध कुठल्या बाजूनं ओतलं ते चहाकडे बघून सांगता येत नाही. तसंच विझलेल्या आगीचं. ती उलटी चालवता येत नाही. पण आग झाडाजवळून जाते तेव्हा ज्या बाजूनं येते तिकडे खोड कमी काळं होतं, आणि पाठीमागच्या बाजूला ज्वाळा वळसा घेऊन उंच चढते. एका खोडावरून काही सिद्ध होत नाही. डोंगरावरचं प्रत्येक खोड मोजलं, तर लाखभर साक्षीदार मिळतात. ड्रोन किरणांनी तेच मोजत होते, आणि पावसानं काजळी धुऊन जायच्या आत मोजायला हवं होतं.

"आणि मग?"

"मग यंत्र खोट्या आगी पेटवतं. पडद्यावर. हाच डोंगर, हाच उतार, त्या दिवशीचा तोच वारा. इथून पेटवली तर कशी पसरेल, तिथून पेटवली तर कशी, अशा लाख आगी. ज्या खोट्या आगीची काजळी खऱ्या काजळीशी जुळते, ती जिथून पेटली तिथेच खरी आग पेटली."

हेमलताला हे पटलं. तीही रानात आगीचं मूळ असंच तर शोधायची, फक्त तिला लाख आगी पेटवून बघायची सोय नव्हती. तिच्या मनात आलं की बरं झालं, एकदाचं नाव कळेल. तीन महिने ती प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे बघत होती, हा असेल का, ती असेल का. अशानं माणूस सडतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तंबूत केतकीनं पडदा तिच्याकडे वळवला. काळ्या डोंगरावर एक लाल ठिपका होता.

"इथे काय आहे, ताई?"

नाल्याच्या वळणावर, दोन सागांच्या मध्ये. हेमलताला नकाशा वाचायची गरज नव्हती.

"मोहाचं झाड," ती म्हणाली.

"झाडाच्या बुंध्याशी पोकळी आहे. आग आतून बाहेर आलेली दिसते. सकाळी कोणीतरी खाली पाचोळा जाळला असणार, निखारा ढोलीत धुमसत राहिला आणि उन्हं चढल्यावर वाऱ्यानं भडकला." केतकी थांबली. "इथे प्रत्येक मोहाला मालक असतो असं ऐकलंय. हे कोणाचं झाड?"

रानातली सगळी झाडं देवाची, पण मोहाचं झाड घराचं. कुठल्या घरानं कुठल्या झाडाखाली फुलं वेचायची हे आजे-पणजे ठरवून गेले, आणि त्यावरून भांडण होत नाही. फुलं पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून घरातली बाई पहाटे दंवात झाडाखालचा पाचोळा जाळते, आग फांदीनं झोडपते, पाणी टाकते, आणि मग स्वच्छ काळ्या जमिनीवर पिवळी फुलं टपटप पडतात. येंगलटोल्यात हे न करणारं घर नाही.

"विचारून सांगते," हेमलता म्हणाली. ती बाहेर गेली. ते झाड सोमारीबाईचं होतं. सोमारीबाई म्हणजे नितेशची आई.

* * *

सोमारीबाई हेमलताची सासू, आणि त्याआधी सख्खी आत्या. आई गेल्यावर हेमलताला अंगाखांद्यावर खेळवलं ते तिनंच, आणि मग आपल्याच पोराला देऊन घरी आणलं. आता ती ओट्यावर विडीसाठीची तेंदूची पानं मोजून पुडे बांधत बसली होती. हात चालत होते. बाकीची बाई फेब्रुवारीतच थांबली होती. ताटात वाढलेलं अर्धं कोंबड्यांना जायचं.

"सांगतलं का मशीननं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाई अजून."

"सांगन. आज नाई तं उद्या सांगन. मले नाव पायजे, हेमे. ज्यानं माह्या लेकरावर आग घातली त्याले मी भर गावात इचारीन, का बाबा, तुह्या घरी लेकरं नाई का?"

हेमलता तिच्या शेजारी बसली. सालीची दोरी हातात घेतली आणि उगाच पिळत राहिली.

"आत्या, त्या दिवशी पायटे तू मोहाखाली गेलती ना?"

"गेलती ना. रोजच जाओ. जाळलं, झोडपलं, नाल्यातून दोन गुंड भरून पाणी आणून टाकलं. राखेत हात घालून पायला, थंडी होती राख. तूच तं शिकवलं, हात घालून पाय म्हणून. पहिले कोण पाहे?" तिनं मान वर केली. "काऊन?"

"काही नाही."

राखेत हात घातला होता. ढोलीत घातला नव्हता. ढोलीत हात घालायला हेमलतानंच शिकवलं नव्हतं, कारण तिलाही ते कोणी शिकवलं नव्हतं. म्हातारीचा यात काडीचा दोष नव्हता, आणि तरी तो लाल ठिपका तिचाच होता. दोन दिवसांनी मंडळ समाजमंदिरात गावाला निकाल दाखवणार, मोठ्या पडद्यावर तो ठिपका दिसणार आणि ही बाई, जी तीन महिने नाव मागतेय, तिला नाव मिळणार. खटला, तुरुंग ही पुढची गोष्ट. म्हातारी तिथवर जिवंत पोचणारच नाही, हे हेमलताला आपल्या हाताच्या रेषांसारखं स्पष्ट दिसलं.

* * *

ती तडक तंबूत गेली. 

"मॅडम, तुमच्या यंत्रात जाळरेषा टाका."

"म्हणजे?"

"खोट्या आगी पेटवता ना? मंग आणिक एक पेटवा. त्याच झाडापासून. तोच वारा. फक्त वरची जाळरेषा साफ हाये असं सांगा त्याले. जशी पायजे होती तशी."

 केतकीनं बोटानं डोंगराच्या कमरेवर एक रेघ ओढली. लाल ठिपका पेटला, नाल्याच्या कडेनं पसरला, सागांमध्ये शिरला, वर चढला. रेघेशी पोचला. तिथे थोडा वेळ डावीकडे-उजवीकडे चाचपडला आणि मग काठाकाठानं विझत गेला. रेघेच्या वरचा सगळा डोंगर हिरवा राहिला. नितेश जिथे सापडला ती जागा हिरव्यात होती.

"आणखी दहा वेळा चालवते," केतकी म्हणाली. चालवली. दहाही वेळा आग रेघेवर मेली.

"हे सांगा तिथं. परवा, सगळ्यांसमोर."

"ताई, माझ्या अहवालात एकच रकाना आहे. आग कुठून सुरू झाली. त्यापुढचं…"

"आग कुठून सुरू झाली तेच तं सांगून रायली मी तुमाले!"

तेवढ्यात भोंगाडे आत आले. पडदा बघितला आणि त्यांना काय ते कळलं. माणूस काही मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर हेमलताला त्याचा इतका राग आला नसता.

"मॅडम, विचारलंय तेवढंच काढा," ते म्हणाले. मग हेमलताकडे वळले, आवाज मऊ केला. "हे बघ, तुझं दुःख समजतं मला. पण रेषा हंगाम उघडल्यावर काढायची असते. हंगाम उघडला नव्हता."

"मंग नितेश तिथं काय करत होता, साहेब?"

"ते त्यालाच विचारायला हवं होतं."

 तंबूच्या दांडीला ब्लोअर टेकवलेला होता. तो उचलून या माणसाच्या तोंडावर घालावा असं हेमलताला वाटलं, आणि आपण तो घालणार आहोत की नाही हे क्षणभर तिलाच ठाऊक नव्हतं. भोंगाडेंनाही ते दिसलं असावं. ते दारापर्यंत गेले.

"रानातल्या माणसानं लावली, रानातला माणूस गेला," जाता जाता ते म्हणाले. "फाईल बंद होईल. तुलाही मोकळं वाटेल. फक्त झाड कोणाचं ते सांग."

ते गेल्यावर केतकी बॅटऱ्यांच्या वायरी गुंडाळायला लागली. मग हळूच म्हणाली, "बाहेरच्या माणसानं लावली असेल तर फाईल बंद होते, हे खरं आहे. मंडळाच्या माणसाच्या हातून लागली असेल तर होत नाही. मग बाहेरचं पथक येतं. कोण कामावर होतं, कोणी बोलावलं, रेषा काढल्या होत्या का, सगळं उकरतं. नियमच आहे तसा." तिनं वर पाहिलं नाही. "मी आपलं नुसतं सांगितलं."

* * *

समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर पांढरा पडदा लावला होता. सोमारीबाई पहिल्या रांगेत बसली होती. धुतलेलं लुगडं नेसून, केस चोपून, जणू पोराचं लग्न ठरवायला आली होती. पडद्यावर डोंगर आला, मग ठिपका आला, मग ठिपका मोठा होऊन झाड झालं. जळून कोळसा झालेलं, पण ढोली तीच, वाकलेली फांदी तीच.

सगळ्या गावानं झाड ओळखलं आणि सगळं गाव आपापल्या पायांकडे बघायला लागलं.

"हे झाड कोणाचं?" भोंगाडेंनी विचारलं.

सोमारीबाईचं तोंड उघडं राहिलं. तिनं एक हात पुढे केला, पडद्याला शिवायचं असल्यासारखा, आणि ती उठायला लागली.

"आग मी लावली," हेमलता मागून म्हणाली.

ती पुढे आली. तिनं सासूकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलणं जमलं नसतं.

"झाड आत्याचं हाये. आत्यानं पायटे जाळलं, इझवलं, पाणी टाकलं अन् घरी आली. मी गस्तीवर होती. मी तिथून गेली तं राख थंडी होती. नाल्याच्या बाजूचा पाचोळा तसाच रायला होता, तो मी पेटवला. तेवढ्यात तुमचा फोन आला, साहेब, का खालच्या नाक्यावर या. मी तशीच गेली. इझवली नाही."

कोणीतरी मागे हुंदका दिला. भोंगाडे घाईघाईनं म्हणाले, "तू कसली गस्तीवर? तू त्या दिवशी कामावरच नव्हतीस."

"मंग मी कोण होती? तुमी फोन केला का नाही?"

"हंगामच उघडला…"

"मी होतो जी गस्तीवर," टोळीतला महारू उठला. "साहेबांनी मलेबी फोन केलता." त्याच्या मागोमाग टोळीतले उरलेले दोघे उठले. खरं-खोटं त्यांना ठाऊक होतं. गस्त खरी होती, फोन खरा होता, एवढं त्यांना पुरे होतं.

भोंगाडे अडकले. हेमलताला आरोपी करायचं तर ती कामावर होती हे मानावं लागणार होतं. आणि ती कामावर होती, तर तिच्या टोळीतला नितेशही होता. त्यांनी केतकीकडे पाहिलं. आग ढोलीतून पहाटेपासून धुमसत आली होती, हेमलताचा नाल्याकडचा पाचोळा कुठेच नव्हता, हे पुराव्यानिशी एका केतकीला माहीत होतं. यंत्रालाही माहीत होतं, पण यंत्राला आज दुसरं कोणी प्रश्न विचारणारं नव्हतं.

"मूळ बुंध्याशी आहे, एवढंच यंत्र सांगतं," केतकी म्हणाली. "लावणारी व्यक्ती मंडळाची. मी तशी नोंद करते." आणि कोणी सांगितलं नसताना तिनं पडद्यावर रेघ ओढली. सगळ्या गावानं आग रेघेपाशी येऊन मरताना पाहिली. भोंगाडे "बंद करा" म्हणेपर्यंत तिनं ती दोनदा दाखवली.

 गावानं भोंगाडेंना अडवलं नाही, शिवी दिली नाही. फक्त ते बाहेर पडताना वाट सोडायला कोणी उठलं नाही, आणि त्यांना माणसांच्या गुडघ्यांतून, एकेकाला विनवत, दारापर्यंत जावं लागलं.

हेमलताला मंडळाचं काम पुन्हा मिळणार नव्हतं. खटला उभा राहणार होता. त्याची तिला भीती वाटत नव्हती; कोर्टात तिला पुष्कळ बोलायचं होतं.

* * *

ती घरी आली तेव्हा सोमारीबाई ओट्यावर बसली होती. तेंदूचे पुडे तसेच पडले होते. हेमलता पायरीशी उभी राहिली.

"मी इझवली होती ना?" सोमारीबाईनं विचारलं.

"इझवली होती, आत्या."

"पाणी टाकलं होतं मी. दोन गुंड."

"टाकलं होतं. मी राखेत हात घालून पायला. थंडी होती."

म्हातारीनं डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले आणि तीन महिने छातीत अडकलेला श्वास सुटला. इतका लांब, की हेमलताला वाटलं आता ही आडवी होऊन झोपेल, शांत झोपेल, आणि त्यातच सगळं आलं.

मग सोमारीबाईनं डोळे उघडले. ज्या बाईला तिनं आपल्या हातानं भरवून वाढवलं होतं, तिच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मले नाव पायजे होतं," ती म्हणाली. "भेटलं."

"आत्या…"

"आत्या नको म्हणू मले. निघ माह्या घरातून."

हेमलतानं मान डोलावली आणि ती निघाली.